नाव न घेता घातलेली बंदी

‘कोमागाता मारू’ हे नाव आम्ही शाळेत असताना एका ओळीत वाचले होते. गदर चळवळीच्या ओघात ते येई आणि जाई. त्या जहाजावरच्या 376 प्रवाशांत 340 शीख, 24 मुसलमान आणि 12 हिंदू होते, हे पुष्कळ उशिरा कळले.

कॅनडाने 1908 साली नियम केला, की परदेशातून येणाऱ्याने मायदेशातून थेट तिकीट काढून, वाटेत न थांबता यावे. नियमात ना हिंदुस्थानचे नाव, ना धर्माचे. हिंदुस्थानी माणूस ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन. त्याला नाव घेऊन अडवणे लंडनला अडचणीचे झाले असते. मग थेट तिकीटच मिळणार नाही, अशी तजवीज करण्यात आली. शिवाय आशियाई माणसाने 200 डॉलर दाखवायचे. इथे मात्र शब्द उघड होता!

व्हँकुव्हरमध्ये याविरुद्ध लढणाऱ्यांत हुसेन रहीम पुढे होते. नाव वाचून आम्हांला साहजिकच आपलेपणा वाटला. पाहतो तो हे गृहस्थ मूळचे छगन खैराज वर्मा, पोरबंदरकडचे गुजराती हिंदू! 1910 साली ते तिथे पोचले. सरकारने त्यांना हद्दपार करायचे ठरवले. ते कोर्टात गेले आणि जिंकले. 1913 साली तर न्यायमूर्ती हंटर यांनी हे नियमच रद्द ठरवले, कारण त्यांचे शब्द मूळ कायद्याशी जुळत नव्हते. सरकारने काय करावे? शब्द दुरुस्त केले आणि तेच नियम पुन्हा लागू केले.

23 मे 1914 रोजी जहाज आले ते या दुरुस्त नियमांसमोर. दोन महिने माणसे बंदरात अडकली. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या हिंदुस्थानी मजुरांनी पदरचे पैसे घालून जहाजाचा भाडेकरार भागसिंग आणि रहीम यांच्या नावावर करून घेतला. 6 जुलैला अपील कोर्टाने सरकारच्या बाजूने कौल दिला. पोलीस जहाजावर चढू लागले तेव्हा प्रवाशांनी कोळसे फेकून त्यांना परतवले. मग युद्धनौका आणली गेली. 23 जुलैला जहाज फिरले. 29 सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबजला इंग्रजांच्या गोळीबारात वीसेक प्रवासी मेले.

नियम उठला 1947 साली. 18 मे 2016 रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी संसदेत माफी मागितली. त्याला नऊ महिनेही झाले नव्हते, तोच 27 जानेवारी 2017 रोजी शेजारच्या अमेरिकेत ट्रम्प यांनी सात मुस्लीमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. विमानतळांवर वकील जमिनीवर बसून अर्ज लिहीत होते. त्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. कोर्टांनी हुकूम अडवला. सरकारने शब्द बदलले, पुन्हा बदलले. तिसरा मसुदा 2018 साली सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 4 मतांनी टिकला. त्यात इस्लामचे नाव कुठेही नव्हते.