मुलगा की मुलगी? : एका खेळातल्या प्रश्नाची बखर

कादंबरी लिहिणाऱ्याचा एक अधिकार आजवर कुणी हिरावून घेतला नव्हता. आपल्या गोष्टीचा नायक पुरुष असावा की बाई, हे तो वाचकाला न विचारता ठरवतो. पुस्तक उघडण्यापूर्वीच तो निकाल लागलेला असतो, आणि वाचकही तो निमूटपणे मान्य करतो. गेल्या पन्नास वर्षांत मात्र गोष्ट सांगण्याचा एक असा प्रकार जन्माला आला, की ज्यात हा निकाल ऐकणाऱ्याच्या हाती गेला. दिवाळीच्या सुटीत चकलीचा तुकडा तोंडात धरून घरची मुले ज्या पडद्यासमोर ठाण मांडून बसतात, त्यावरच्या ‘रोल-प्लेइंग गेम’विषयी मी बोलते आहे.

ज्यांनी हा प्रकार दुरूनच पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हा सोंग घेण्याचा खेळ. खेळणारा एक पात्र निर्माण करतो, त्याला नाव देतो, त्याचे बळ, बुद्धी, चापल्य ह्यांचे आकडे ठरवतो आणि मग त्या पात्राच्या कातडीत शिरून एका कल्पित जगात भटकायला निघतो. एकेक कथा पन्नास-पन्नास, शंभर-शंभर तास चालते. ह्या प्रवासाच्या आरंभी, बहुधा पहिल्याच पानावर, एक प्रश्न येतो : तुमचे पात्र स्त्री की पुरुष? मुले क्षणात बटण दाबून पुढे जातात. पण त्या प्रश्नाला इतिहास आहे. खेळ रचणाऱ्याने पडद्यासमोर कोण बसले आहे अशी कल्पना केली होती, ते ह्या एका प्रश्नावरून जेवढे कळते, तेवढे बाकीच्या साऱ्या खेळावरून कळत नाही.

ह्या खेळांचे मूळ संगणकात नाही, कागद-पेन्सिल आणि फाशांत आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथून 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींतून तो निघाला, आणि ही मंडळी जवळजवळ सगळी पुरुष. त्यांच्या पहिल्या पुस्तिकांत योद्ध्याला नावच होते ‘फायटिंग मॅन’. बाईने खेळू नये असा नियम कुठे नव्हता. तिची आठवणच झाली नव्हती, इतकेच.

आठवण झाली तेव्हा काय झाले, ते अधिक पाहण्यासारखे आहे. 1976 साली ह्याच खेळाला वाहिलेल्या ‘द ड्रॅगन’ मासिकात स्त्री-पात्रांसाठी काही नियम सुचवणारा एक लेख आला. पुरुष-पात्राला जिथे ‘करिष्मा’ म्हणजे माणसे आपल्यामागे नेण्याचा गुण असे, तिथे बाईला त्या जागी ‘सौंदर्य’ द्यावे, अशी त्यातली एक सूचना होती. पुढे 1978 च्या खेळाडूंच्या अधिकृत नियमपुस्तकात तर कोष्टकच छापले गेले. त्या खेळात बळाचा सर्वांत वरचा आकडा 18. योद्ध्याला तो लाभला तर त्यापुढे शंभरातले गुण काढायचे. मानव-पुरुषाला ते शंभरपर्यंत जाता येत. मानव-स्त्रीला मात्र पन्नासाच्या वर मनाई. पेपर तपासून उभी हयात चालली असल्याने मला हे कोष्टक फार बोलके वाटते. उत्तर कितीही चांगले लिहा, तुम्हाला पन्नासच्या वर द्यायचे नाहीत असे आधीच ठरले आहे!

त्यामागे युक्तिवाद असा, की स्त्रीचे शरीरबळ कमी असते हे वास्तव आहे. असेलही. पण ज्या जगात सरडे आग ओकतात, म्हातारे मंत्र पुटपुटून वीज पाडतात आणि मेलेली माणसे दक्षिणा देऊन जिवंत करता येतात, तिथे वास्तवाचा हा कळवळा नेमका बाईच्या दंडापाशीच कसा जागा झाला, हे मला कळत नाही. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा काढून टाकण्यात आली. तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. 1988 साली ह्याच नियमांवर आधारलेला ‘पूल ऑफ रेडियन्स’ हा संगणक-खेळ निघाला आणि स्त्रीच्या बळाची मर्यादा पुस्तकातून यंत्रात उतरली. टेबलाभोवती खेळताना खेळ चालवणारा माणूस समोर बसलेला असतो. त्याच्याशी भांडता येते, ‘असू दे रे, तिला उचलू दे तो दगड’ अशी गळ घालता येते. यंत्राला गळ घालता येत नाही.

संगणकावरच्या अगदी पहिल्या साहस-खेळांनी मात्र हा प्रश्न विचारलाच नव्हता, आणि त्याचे कारण इंग्रजी व्याकरणात आहे. विल क्राउथरने 1976 च्या सुमारास गुहेत भटकण्याचा जो खेळ रचला, त्यात चित्रे नव्हती, नुसती वाक्ये. ‘तू रस्त्याच्या टोकाशी उभा आहेस’ हे वाक्य इंग्रजीत लिहिताना ‘उभा’ की ‘उभी’ हे ठरवावे लागत नाही. खेळणारा एकटा, यंत्र त्याला ‘यू’ म्हणणार, प्रश्न मिटला. तिसरे माणूस आले की मात्र ‘ही’ की ‘शी’ ठरवणे आले. 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ बांधला. त्यात अनेक जण एकाच वेळी खेळत, एकमेकांना भेटत. तिथे आत शिरतानाच स्त्री की पुरुष ते सांगावे लागे. सर्वोच्च पदाला पोचलेला पुरुष जादूगार होई, आणि स्त्री चेटकीण.

पुढची काही वर्षे ज्याला जसे सुचेल तसे चालले. 1981 चा ‘विझर्ड्री’ पात्राचा वंश विचारी, त्याची नीती विचारी, लिंग विचारत नसे. 1982 च्या दुसऱ्या ‘अल्टिमा’त पुरुष निवडला की बळ वाढे, स्त्री निवडली की करिष्मा. त्याचा कर्ता रिचर्ड गॅरियट. त्याने पुढच्याच वर्षी, तिसऱ्या ‘अल्टिमा’त, स्त्री आणि पुरुष ह्यांच्या जोडीला ‘इतर’ असे तिसरे अक्षर ठेवले! 1986 साली इन्फोकॉम कंपनीच्या एका विनोदी खेळाने तर प्रश्न न विचारताच उत्तर काढून घेतले. कथा एका दारूच्या गुत्त्यात सुरू होते, नायकाला लघुशंकेची घाई असते आणि समोर दोन दारे असतात. ज्या दारातून तुम्ही आत जाल, तेच तुमचे उत्तर. त्याच कंपनीत एमी ब्रिग्ज ही लेखिका होती. 1987 साली तिने चाच्यांच्या सागरावरची एक प्रेमकथा खेळाच्या रूपात लिहिली. तिची नायिका बाईच, पर्याय नाही. शेकडो खेळांत पुरुषालाच नायक ठरवताना कुणी पर्याय दिला नव्हता, तेव्हा ह्या एका खेळाबद्दल तक्रार कसली करायची?

लहान मुलांपर्यंत हा प्रश्न पोचायला बराच काळ गेला. जपानमध्ये 1996 साली आलेला ‘पोकेमॉन’ बहुतेक घरांतल्या नातवंडांना ठाऊक आहे. त्याच्या पहिल्या खेळात गाव सोडून निघणारा मुलगाच होता. मुलगी निवडण्याची सोय ‘क्रिस्टल’ ह्या आवृत्तीत, जपानमध्ये 2000 च्या अखेरीस, झाली. कथा तीच, वाट तीच, प्राणी तेच. बदलले ते पडद्यावरचे बोटभर चित्र. एवढ्याशाने काय होते, असे कुणी विचारील. मी वर्गात पाहते, मुली ‘फास्टर फेणे’ आनंदाने वाचतात आणि वाचताना फेणे होतात. सायकलवर टांग टाकताना आपण मुलगी आहोत हे त्यांना आड येत नाही. ही कसरत त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. मुलगी नायिका असलेले पुस्तक मुलाच्या हाती दिले, की तो आधी मुखपृष्ठ पाहतो आणि मग माझ्या तोंडाकडे. ते बोटभर चित्र मुलींना ती रोजची कसरत एकदा माफ करते, एवढेच. आणि ते थोडे नाही.

चित्रे मोठी झाली, पात्रे बोलू लागली, तसा ह्या प्रश्नाला खर्च येऊ लागला. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने 2007 साली ‘मास इफेक्ट’ काढला. त्याचा नायक शेपर्ड हा अंतराळातला सेनाधिकारी. तो पुरुष घेता येई किंवा स्त्री. दोन्हींसाठी हजारो संवाद वेगवेगळ्या नटांकडून बोलवून घेतले होते, पुरुषाचे मार्क मीअरकडून, स्त्रीचे जेनिफर हेलकडून. जाणत्यांनी हेलच्या कामाची वाखाणणी केली. पण 2011 साली कंपनीने सांगितले, की स्त्री-शेपर्ड घेणारे खेळाडू शेकडा 18 आहेत. ह्या आकड्यावरून ‘लोकांना नायिका नकोच’ असा निष्कर्ष काढणारे निघालेच. वेष्टनावर, जाहिरातीत, पहिल्या पडद्यावर सर्वत्र पुरुषाचाच चेहरा होता, हे ते विसरतात. दुकानात पुढे मांडलेली साडी जास्त खपते, हे कुठल्याही गुमास्त्याला विचारावे. 2021 साली हे खेळ नव्याने निघाले, तेव्हा कंपनीने दिलेला आकडा शेकडा 32 होता.

2014 साली युबिसॉफ्ट ह्या बड्या कंपनीने आपल्या ‘असॅसिन्स क्रीड’ मालेतल्या नव्या खेळात स्त्री-पात्र का नाही, ह्याचे कारण दिले, की तिच्या हालचाली नव्याने चितारायच्या तर काम दुप्पट होते. ह्या मालेत पूर्वी काम केलेल्या एका चित्रकारानेच म्हटले, की हे काम एक-दोन दिवसांचे आहे. बरीच हसाहस झाली. चार वर्षांनी, 2018 मध्ये, त्याच मालेत प्राचीन ग्रीसची कथा आली. तीत अलेक्सिऑस हा भाऊ आणि कसांद्रा ही बहीण ह्यांपैकी कुणालाही घेऊन सबंध कथा खेळता येते. त्या कथेवर कादंबरीही लिहिली गेली. आणि कादंबरीत काही दोन दारे ठेवता येत नाहीत. लेखकाला एकच निवडायचे होते. त्याने कसांद्रा निवडली.

आता एक गोष्ट, जिचे आपल्याकडच्या जुन्या नाटकवेड्यांना मुळीच आश्चर्य वाटणार नाही. निवड हाती आली, की सगळेच काही आपापले लिंग निवडत नाहीत. पुरुष खेळाडू स्त्री-पात्र घेतात, आणि स्त्रिया पुरुष-पात्र घेतात त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात. कारण विचारले, तर ‘इतके तास पाठमोरे पात्र पाहायचे, तर ते देखणे तरी असावे’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. बायकांचे कारण इतके हलकेफुलके नसते. अनोळखी खेळाडूंच्या जमावात बाई म्हणून ओळख पटली, की शेरेबाजी आणि पाठलाग सुरू होतो. तो टाळायला कित्येक जणी पुरुषाचे नाव घेतात, आणि बोलायची वेळ आली की गप्प राहतात. पुरुषाला जे सोंग मौजेचे, ते बाईला चिलखत.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या खेळावर काही अभ्यासकांनी 2014 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात आढळले, की बाईचे सोंग घेतलेले पुरुष सुंदर, पारंपरिक केशरचना निवडतात, बोलण्यात भावना आणि उद्गारचिन्हे वाढवतात. पण चालतात ते पुरुषासारखेच. उड्या जास्त मारतात, मागे मागे जास्त सरकतात, घोळक्यापासून दूर उभे राहतात. पेहराव आणि भाषा साधली, चाल साधली नाही. हे वाचताना बालगंधर्वांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्यांचे लुगडे नेसणे आणि केसांत फूल माळणे पाहून घरंदाज बायका आपली राहणी बदलत, त्यांनी ह्या खेळाडूंना आधी चालायला शिकवले असते. अर्थात तिथे निवड नटाची नव्हती. बायकांना रंगभूमी बंद होती, म्हणून पुरुषाला नायिका व्हावे लागे. पडद्यावरच्या खेळांतले दार पहिल्यापासून बंद नव्हते. बाहेर कुणी उभे असेल असे आतल्यांना वाटले नव्हते.

अलीकडे त्या एका प्रश्नाचे तीन झाले आहेत. बेल्जियममधल्या लॅरियन कंपनीच्या 2023 सालच्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये शरीराची ठेवण, आवाज आणि इतरांनी आपला उल्लेख कसा करावा, हे वेगवेगळे निवडता येते. 2020 च्या ‘सायबरपंक 2077’मध्ये शरीर आणि आवाज वेगळे ठरतात, आणि लोक तुम्हाला आवाजावरून स्त्री किंवा पुरुष समजतात. हा खेळ पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. पोलिश भाषेत ‘मी केले’ म्हणताना पुरुष ‘झ्रोबिवेम’ म्हणतो आणि बाई ‘झ्रोबिवाम’. इंग्रजीत ज्या वाक्याला लिंग नाही, ते पोलिशमध्ये दोनदा लिहावे लागते, दोनदा बोलवून घ्यावे लागते.

मराठीत असा खेळ लिहायला बसले, तर काय होईल ह्याचा मी व्याकरणाच्या तासानंतर विचार करून पाहिला. आपल्याकडे पोलंडपेक्षा जरा निराळी गंमत आहे. ‘मी राक्षस मारला’, ‘मी तलवार उचलली’, ‘मी दरवाजा फोडला’ : ह्या वाक्यांत क्रियापद राक्षसाच्या, तलवारीच्या, दरवाजाच्या मागे जाते. मारणारा कोण होता, हे मराठी विचारीतच नाही. सबंध युद्ध एकाच संहितेत आटोपते. अडचण येते ती त्यानंतर. ‘दमलो’ की ‘दमले’, ‘घाबरलो’ की ‘घाबरले’, ‘घरी परत आलो’ की ‘आले’, इथे दोन-दोन वाक्ये लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. कोल्हापूरकडच्या पोरींसाठी तेवढेही श्रम नकोत. त्या राक्षस मारून आल्या, तरी उंबऱ्यातूनच ओरडतील, ‘आई, मी आलो!’