छप्पनचा दुष्काळ आणि मिशनच्या पदरातली मुले

पश्चिम आणि मध्य भारतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ पडले. पहिल्याचा मार मध्य प्रांत, संयुक्त प्रांत आणि मुंबई इलाख्यातील दख्खनच्या जिल्ह्यांना बसला. दुसऱ्याने गुजरात, राजपुताना, वऱ्हाड आणि पुन्हा एकदा दख्खन गाठले. विक्रम संवत १९५६ मध्ये आलेला हा दुसरा दुष्काळ ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. दोहोंच्या मधल्या काळात प्लेगने मुंबई-पुण्याकडे माणसे टिपली. या वर्षांत ख्रिस्ती मिशनांनी जे मदतकार्य केले, त्याचा परिणाम पाऊस परतल्यावरही संपला नाही, कारण दुष्काळ ओसरल्यावर हजारो मुले त्यांच्याकडेच राहिली.

सरकारी मदतीची चौकट आधीच ठरलेली होती. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ नियमावल्या तयार झाल्या. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने खडी फोडावी, तलाव खणावा, रस्त्याला मुरूम टाकावा. ज्याला उभे राहवत नाही त्याला पुअरहाउसमध्ये ठेवावे. कागदावर ही व्यवस्था बरी दिसे. पण मजुरी देताना सरकारने हात नेहमीच आखडता ठेवला. नियमावल्या होण्याआधीही, १८७७ मध्ये, ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे धान्य दिवसाला एका रतलावर आणले, तेव्हा दख्खनमधल्या मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. शिवाय या चौकटीत एकट्या पडलेल्या मुलाला जागा फारशी नव्हती. खडी फोडायला ते लहान, आणि पुअरहाउसमधून बाहेर पडल्यावर जायचे कोठे, तर घरच उरलेले नसे.

मिशनांचे बळ वेगळे होते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) काम करत होते. नगर आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या खेड्यांत त्यांच्या शाळा होत्या, आणि त्या शाळांवर मराठी शिक्षक व उपदेशक होते. कोणत्या घरात चार दिवस चूल पेटली नाही, हे मामलेदाराच्या कचेरीआधी त्यांना कळे. मिशनच्या अहवालांत नावे साहेबांची येतात. मदत दारापर्यंत नेणारे हात मात्र बहुतांशी या मराठी माणसांचे होते. इतिहासात त्यांची नोंद फारच तोकडी आहे, आणि ही उणीव मोठी आहे.

अहमदनगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम हे या कामातले ठळक नाव. त्यांचा जन्म मुंबईचाच. १९०० मध्ये अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर होती. न्यूयॉर्कचे ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिक चालवणारे लुई क्लॉप्श यांनी वाचकांकडून निधी जमवला. त्या वर्षी मे महिन्यात ‘क्विटो’ हे जहाज सुमारे ५ हजार टन मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. त्याआधी १८९७ मध्ये ‘सिटी ऑफ एव्हरेट’ हे जहाज असेच मका घेऊन कलकत्त्याला आले होते. क्लॉप्श यांनी वाचकांना एका अनाथ मुलाचा वर्षाचा खर्च १५ डॉलर असा सांगितला. आवाहनासोबत हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे छापली जात. त्या छायाचित्रांनी पैसा उभा राहिला हे खरे, पण ज्यांची ती छायाचित्रे होती त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. ह्यूम यांना या कामाबद्दल कैसर-इ-हिंद पदक मिळाले. ते पदक १९०० मध्येच सुरू झाले होते आणि सुरुवातीच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता.

या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठे काम उभे राहिले ते मात्र एका मराठी स्त्रीच्या हातून. पंडिता रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. संस्थेला हक्काचे उत्पन्न हवे म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावला जमीन घेतली. नगरशेजारचे केडगाव ते हे नव्हे. या जमिनीत फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा बेत होता.

मध्य प्रांतात १८९६ चा दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाई तिकडे गेल्या. पुअरहाउस आणि मदतछावण्या त्यांनी स्वतः पाहिल्या. भुकेपेक्षाही त्यांना हादरवले ते मुलींच्या हालांनी. निराधार पोरींना फूस लावून वा विकत घेऊन नेणारे लोक छावण्यांच्या आसपास फिरत होते. रमाबाईंनी तीनशे मुली आणायचे ठरवले, आणि त्या आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले आणि तंबू व झोपड्यांत राहण्याची सोय केली. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी मुलींची वस्ती झाली. १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदनाची पक्की इमारत उभी राहिली.

उपाशी मुलांना वाचवणे म्हणजे नुसते ताट वाढणे नव्हे. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम पोटभर जेवू घातले, तर ते जेवणच त्याच्या जिवावर उठते. म्हणून आधी पेज, मग थोडे दूध, मग मऊ भात असे दिवसागणिक वाढवत न्यावे लागे. उवा आणि खरजेमुळे डोकी भादरावी लागत. जखमा धुवाव्या लागत. गोवर, हगवण, डोळे येणे यांची साथ एका तंबूतून दुसऱ्यात पसरे. इतके करूनही पुष्कळ मुली दगावल्या. जगल्या त्यांची देखभाल जुन्या मुलींवर सोपवली गेली. शारदा सदनात शिकलेल्या तरुण विधवा नव्या आलेल्यांच्या आया झाल्या, आणि रमाबाईंची ही योजनाच केडगावच्या यशाचे मुख्य कारण होते.

छप्पनच्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड ते दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना नुसत्या देणगीवर पोसणे अशक्य होते. विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली. विणकाम, शिवण, तेलघाणी, छापखाना हे उद्योग सुरू झाले. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सर्व कामे मुली करत; रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर पुढे याच छापखान्यातून बाहेर पडले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, आणि अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली. मुलग्यांचा प्रश्न शेजारच्या दौंडला आल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्याने काढलेल्या आश्रमाने काही अंशी सोडवला. नगरलाही अनाथ मुलांना हातचा धंदा मिळावा म्हणून उद्योगशाळा वाढवल्या गेल्या. तेथेच डी. सी. चर्चिल या अभियंत्याने हातमागात सुधारणा केली आणि ‘चर्चिल माग’ विणकरांत नावाजला.

धर्मांतराचा प्रश्न या कामाला पहिल्यापासून चिकटलेला होता. भुकेल्याला भाकरी देऊन बाटवले, असा आरोप वृत्तपत्रांतून होत राहिला. मिशनऱ्यांतही याविषयी एकमत नव्हते. १८७६-७८ च्या दुष्काळात तेलुगू मुलखात ओंगोलच्या जॉन क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा मक्ता घेऊन उपाशी लोकांना मजुरी मिळवून दिली, पण मदत चालू असेतो बाप्तिस्मे थांबवले. मदत संपल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. प्रौढ माणसाच्या बाबतीत हा नियम पाळता येत होता. अनाथ मुलाच्या बाबतीत तो लागूच पडत नव्हता, कारण ज्याच्या घरी वाढायचे त्याचाच धर्म त्याला मिळणार. नगर जिल्ह्यात १९०१ पर्यंत ख्रिस्ती लोकसंख्या बरीच वाढली. त्यांत महार आणि मांग समाजातील माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांना गावाने पाणवठ्यावरही येऊ दिले नव्हते. त्यांचा निर्णय केवळ पोटासाठी होता, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

या आरोपांतून एक चांगली गोष्ट घडली: अनाथ मुलांसाठी हिंदू समाजही पुढे आला. त्याआधीही पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ पासून अनाथ बालकाश्रम चालवला होता. पण अशी उदाहरणे थोडी होती. १८९७ मध्ये लाला लजपतराय यांनी हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली, मध्य प्रांत आणि राजपुतान्यातून मुले पंजाबात नेली, आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्ष दिली. अनाथ मुले आधी त्यांच्याच धर्माच्या लोकांकडे सोपवावीत, हे तत्त्व पुढे दुष्काळाच्या नियमांत आले.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला वारल्या. त्यांची संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने तेथेच चालू आहे आणि निराधार स्त्रिया व मुलांना आजही आसरा देते.