माशी, खाच आणि दोन बाजूंचा उजेड

१/
पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी धातूचा एक लहानसा तुकडा उभा असतो. मराठीत त्याला 'माशी' म्हणतात. रशियन भाषेतही त्याचे नाव 'मुश्का', म्हणजे छोटी माशीच. मागे असते ती खाच. खाचेतून माशी पाहून नेम धरणे म्हणजे 'शिस्त धरणे'. हा शब्द फारसी 'शस्त'वरून आला. आजचा थ्रेड या माशीच्या इतिहासाविषयी आहे.

२/
निमित्त घरचेच. विद्यापीठाच्या संघातून मी २५ मीटर पिस्तूल खेळते. गेले काही महिने गुण घसरत होते आणि सगळा दोष साइटचा आहे, असे मी ठरवून टाकले होते. नवी साइट निवडायला बसले तेव्हा लक्षात आले की, बाजारातील प्रत्येक नमुना हे कुणाच्या तरी जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न कोणाचा होता हे कळल्याखेरीज उत्तर निवडता येत नाही.

३/
सुरुवात १८७३ च्या कोल्ट 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हरपासून करू. त्याला मागची साइट अशी वेगळी नव्हतीच. चौकटीच्या माथ्यावर कोरलेली एक चर आणि पुढे पातळ पाते, एवढाच सरंजाम. गोळी खाली लागत असेल तर पुढचे पाते कानशीने घासून कमी करायचे. ठोका वर सरकतो. पण घासलेले पोलाद परत येत नाही. नेम दुरुस्त करण्याची संधी एकाच दिशेने होती.

४/
ही हेळसांड नव्हती. ते शस्त्र कमरेच्या म्यानातून झटकन बाहेर यावे आणि काही पावलांवर उपयोगी पडावे, एवढीच अपेक्षा होती. उंच, धारदार साइट कातड्यात अडकते. १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलावरही साइट इवलीशीच होती. १९२६ च्या 'एम१९११ए१' या सुधारित रूपात पुढची माशी रुंद करण्यात आली, तरी ती ठेंगणीच राहिली.

५/
मैदानावरील नेमबाजाची गरज निराळी होती. त्याला घाई नव्हती. त्याला स्पष्ट दिसायला हवे होते. जुन्या साइटवर माशीचे टोक मण्यासारखे गोल आणि खाच इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची असे. गोल टोकाची नेमकी उंची डोळ्याला ठरवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिज नावाच्या अमेरिकी नेमबाजाने चौकोनी खाच आणि सपाट माथ्याची चौकोनी माशी पुढे आणली.

६/
या रचनेचे मर्म धातूत नाही, मोकळ्या जागेत आहे. खाचेत माशी उभी राहिली की तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन फटी दिसतात. दोन्ही फटी सारख्या आणि माथे एका रेषेत, की शिस्त जुळली. दोन फटींतील किंचितसा फरकही डोळा चटकन टिपतो. आजही जगभरच्या स्पर्धा पिस्तुलांवर मूलतः हीच रचना असते.

७/
आता थोडे गणित. नियमानुसार २५ मीटर पिस्तुलाच्या दोन साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. माशी खाचेत अवघी ०.१ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११ मिलिमीटर सरकते. लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर. म्हणजे पाव मिलिमीटरची चूक गोळीचा मध्य या वर्तुळाबाहेर नेते.

८/
हेच गणित उलट मांडले की साइट बदलण्याचा नियम मिळतो. गोळी ५ सेंटिमीटर खाली लागत असेल, तर माशी ०.४४ मिलिमीटरने ठेंगणी हवी, किंवा खाच तितकीच वर हवी. मागची साइट ठोका न्यायचा त्याच दिशेने सरकवावी, पुढची नेमकी उलट. हे काम दर वेळी कानशीने करावे लागू नये, म्हणून स्क्रूने सरकणारी मागची साइट रूढ झाली. १९५७ चे कोल्ट 'गोल्ड कप' कारखान्यातूनच तशी साइट घेऊन बाहेर पडले.

९/
अमेरिकेच्या कॅम्प पेरी मैदानावर एका हाताने २५ आणि ५० यार्डांवर नेम धरणारे लोक साइटवर कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरत. चकाकी गेली की कडा स्पष्ट होते. अंधारासाठी ट्रिटियमचे ठिपके, वेगासाठी प्रकाश गोळा करणारी रंगीत काडी, हे पुढचे शोध. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १२.३ वर्षे, म्हणून ते ठिपके मंदावत जातात. अचूक नेमबाजीत मात्र ठिपका डोळ्याला कडेपासून दूर ओढतो. तिथे साधी काळी माशीच सरस.

१०/
मग लाल बिंदू आला. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली परावर्तक साइटची कल्पना मांडली होती. १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारी लाल बिंदूची साइट बाजारात आणली. खाच, माशी आणि लक्ष्य हे तिन्ही एकाच वेळी स्पष्ट पाहणे डोळ्याला शक्य नसते. बिंदूने हा पेचच संपवला.

११/
ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत मात्र ही सोय नाही. तिथे फक्त उघडी साइट चालते. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले, ते याच माशी-खाचेच्या बळावर.

१२/
मला शिकवणारे सर साठीत आहेत. त्यांना आता माशी धूसर दिसते. त्यांच्यासाठी लाल बिंदू ही चैन नाही. तो नसता तर त्यांचे पिस्तूल केव्हाच पेटीत गेले असते. माझे गाऱ्हाणे ऐकून त्यांनी मला कोऱ्या कागदावर, नेमाला काळे वर्तुळही नसताना, दहा गोळ्या झाडायला लावल्या. ठोके एकत्र आले. साइट निर्दोष होती. वर्तुळ समोर असले की मी माशी सोडून वर्तुळाकडे पाहत होते.

१३/
तरीही एक बदल मी केला. माझ्या खाचेत माशी फार दाटीने बसत होती, म्हणून थोडी रुंद खाच घेतली. खर्च मोजका, लाभ एवढाच की दोन बाजूंचा उजेड आता मला दिसतो. तेव्हा साइट बदलण्याच्या विचारात असाल, तर आधी कोरा कागद लावून पाहा. ठोके एकत्र येऊन एका बाजूला पडत असतील तर दुरुस्ती साइटची. विखुरत असतील तर बहुधा आपली.