मावशीच्या घरातलं टांकं



माझ्या मावशीचं सासर अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या एका पोळेत. पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली अरुंद गल्ली. समोरासमोर लाकडी घरं, मध्ये पाखरांना दाणे टाकायला उंच चबुतरा आणि जैनांच्या पोळेत देरासर, म्हणजे आपलं जिनमंदिर. शहर वसलं १४११ साली.

मला मात्र आठवतं ते चौकाखालचं टांकं. गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी नळातून या जमिनीखालच्या टाकीत उतरायचं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरायचं. देरासरात प्रक्षालालाही टांक्याचंच पाणी. मावशी आम्हाला ते गाळून, उकळून द्यायची. (मला कोमट पाणी तेव्हाही आवडत नव्हतं!)

साबरमतीवर १८९२ साली एलिस पूल झाला, गिरण्यांचा पैसा आला आणि हळूहळू कुटुंबं नदीपलीकडे पालडी, नवरंगपुऱ्याकडे गेली. त्यांचंही चुकलं नाही. पोळेत गाडी शिरत नाही, जिने उभे, गुडघे कुरकुरतात. मागे राहिली कुलपं, नाहीतर मालाची गोदामं.

मग वारा थोडा फिरला. १९९७ साली महापालिकेने काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत वारसा फेरी सुरू केली. गिरणीमालक मंगलदास गिरधरदास यांनी १९२४ साली बांधलेलं घर आता हॉटेल आहे. २०१७ साली युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा म्हटलं. भारतातलं हे असं पहिलंच शहर.

आता प्रश्न मावशीच्या घराचा. एकाला तिथे गोदाम हवंय, दुसऱ्याला पाहुण्यांसाठी खोल्या करायच्यात. दुसरा खांब, झरोके, टांकं सगळं राखणार. गोदामवाला पैसे जास्त देतोय, म्हणून मुलं तिकडे झुकलीत. मावशीचा कल खोल्यांकडे, पण अट एकच: या चुलीवर अंडंसुद्धा शिजता कामा नये. त्यावर तो माणूस विचार करून सांगतो म्हणाला.

मी तिला म्हटलं, पाहुणे दोन दिवस राहून जातील, पहाटे देरासरात कोण जाईल? सध्या पूजेला चार बायका असतात, चौघीही सत्तरीच्या पुढच्या. मावशी म्हणाली, "गोदामातली पोती तरी जातील का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. करार अजून झालेला नाही. पण जूनमध्ये, पाऊस येण्याआधी, तिने माणूस लावून टांकं घासून घेतलं.