पोरगा देऊन बचावपटू घ्यावा का? पलटणच्या बारा हंगामांचा हिशोब

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तसेही आपण पाऊण तास अडकलेलेच असतो, तेव्हा वाचून घ्या.

परवा भोसरीत एका टपरीवर वाद रंगला होता. सेकंड शिफ्ट सुटलेली पोरं आणि दोन जुने खेळाडू. विषय आपली पुणेरी पलटण. एक जण म्हणाला, "तरुण चढाईपटू भरपूर झालेत. एखादा सोडा आणि त्या पैशात तगडा कॉर्नर आणा. कप बचावावर येतो." दुसरा उखडला, "घरचं पोर विकून भाड्याचा पैलवान आणायचा? पुढच्या वर्षी तोही जाणार आणि पोरही गेलेलं."

दोघांचंही मला पटलं. म्हणून घरी येऊन जुन्या नोंदी काढल्या. हा प्रश्न पलटणने स्वतःच्या अंगावर घेऊन तीन-चार वेळा सोडवलाय. त्याचा इतिहास सांगतो, मग ठरवा.

आधी एक खुलासा. प्रो कबड्डीत फुटबॉलसारखी थेट अदलाबदल फारशी होत नाही. इथे खेळाडू सोडतात, थैलीत जागा करतात आणि लिलावात दुसरा घेतात. शेवटी अर्थ तोच. एकाला दार दाखवल्याशिवाय दुसरा आत येत नाही, कारण थैलीला मर्यादा असते.

सुरुवात २०१४ ची. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण आठ संघांत आठवी. त्यानंतर बरीच वर्षं आपण नावं विकत घेतली. २०१८ ला नितीन तोमर १ कोटी १५ लाखांना आला. चढाईपटूच. त्याच लिलावात शेजारच्या यू मुंबाने फझल अत्राचली या इराणी डाव्या कोपऱ्याला १ कोटी मोजले. कबड्डीत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला परदेशी, आणि तो बचावपटू होता. तेव्हा आपल्याकडे लोक हसले होते. पाय धरणाऱ्याला कोटी?

हसण्यासारखं काही नव्हतं. साधा हिशोब बघा. चढाईपटू गुण आणतो हे सगळ्यांना दिसतं. पण पकड झाली की गुण तर मिळतोच, वर समोरचा चढाईपटू बाहेर जाऊन बसतो. त्यांचा सगळ्यात चांगला माणूस चार-पाच चढाया बाकावर बसला, तर न मिळालेले ते गुण कुठल्याच फलकावर दिसत नाहीत. मैदानात तीन किंवा त्याहून कमी राहिले असताना पकड केली तर दोन गुण. म्हणजे लोण वाचवणाराही तोच. कारखान्यात क्वालिटीवाल्याचं असतं तसंच हे. त्याने अडवलेला माल कोणाच्या डोळ्याला दिसत नाही.

आता २०२१ चा डिसेंबर. कोरोनामुळे आठवा हंगाम बंगळुरूत, प्रेक्षकांविना. पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही दोन मोठी नावं. पण हंगाम गाजवला दोन पोरांनी, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणायचं. गरिबीतून आलेला. मोहित हरियाणाचा. दोघांचाही तो पहिलाच हंगाम. पलटण प्लेऑफला गेली आणि यूपी योद्धाकडून ३१-४२ हरली.

पुढच्या लिलावाआधी प्रश्न समोर होताच. बचाव कच्चा आहे, पैसे कुठून आणायचे? पलटणने काय केलं ते नीट बघा. पोरं ठेवली, नावं सोडली. २०२२ च्या लिलावात फझलला १ कोटी ३८ लाख आणि त्याचाच देशबंधू नबीबख्श याला ८७ लाख. थैली ४ कोटी ४० लाखांची. म्हणजे निम्मी थैली दोन इराण्यांवर. हे जमलं, कारण तरुण खेळाडूंचे करार स्वस्त असतात.

पलटण पहिल्यांदा फायनलला गेली. १७ डिसेंबर २०२२, मुंबई. पण फायनलला अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर. जयपूरकडून २९-३३ हार. आणि जयपूरच्या संघात कोण? आपण सोडलेला राहुल चौधरी. टपरीवरचा पहिला गडी इथे गप्प बसेल. फझल होता, बचाव होता, पण गुण आणणारी पोरं नव्हती. चार गुणांनी कप गेला.

मग २०२३. हा किस्सा मला फार आवडतो. ७ ऑक्टोबरला हांगझोऊत एशियाडची फायनल, भारत विरुद्ध इराण. एका चढाईवरून एवढा गोंधळ झाला की सामना तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९. भारताच्या संघात अस्लम, इराणच्या संघात मोहम्मदरेझा शादलूई. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पलटणने शादलूईला २ कोटी ३५ लाखांना उचललं. थैली ५ कोटींची. फझलला आधीच सोडलं होतं. तो १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला.

म्हणजे अदलाबदल झाली, पण पोराच्या बदल्यात बचावपटू नव्हे. तिशी ओलांडलेला डावा कोपरा गेला आणि तेविशीतला डावा कोपरा आला. अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे सगळे जागेवर. कर्णधारपद अस्लमकडे.

त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाखांच्या वर मोजले. हंगाम संपला तेव्हा टायटन्स तळाला आणि पलटण ९६ गुणांसह अव्वल. शादलूईच्या नावावर पकडीचे ९९ गुण, लीगमध्ये सगळ्यात जास्त. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून कप पहिल्यांदा पुण्याला आला. त्या फायनलमध्ये पंकजने एकाच चढाईत चार गुण आणले होते. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम. बचावाने अव्वल नेलं, पोराने चढाईत फायनल फिरवली. दोन्ही हात लागले तेव्हा टाळी वाजली.

इथे पोस्ट संपवली असती तर बरं दिसलं असतं. पण पुढचं सांगितलं नाही तर ते खोटं बोलल्यासारखं होईल.

पुढच्याच लिलावात, २०२४ ला, शादलूई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. हंगामाच्या मध्येच अस्लम जखमी होऊन बाहेर. गतविजेती पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला फायनल आपल्या बालेवाडीत झाली, पिंपरीतून हाकेच्या अंतरावर. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवलं. कप उचलणाऱ्यांत शादलूई. आपल्याच अंगणात आपला जुना कोपरा दुसऱ्याच्या जर्सीत नाचत होता. त्या रात्री मोशीकडे परतणाऱ्या पोरांचे चेहरे मी पाहिलेत.

तेव्हा "बचावपटू कशाला, पोरंच पुरे" असं म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं.

२०२५ ला अस्लम परत आला, कोटीचा परदेशी कोपरा नाही. गौरव खत्री, अबिनेश नटराजन अशा संघातच घडलेल्या बचावपटूंवर विसंबून पलटण पुन्हा फायनलला. ३१ ऑक्टोबर, दिल्ली. आदित्य शिंदे नावाचं तरुण पोर चढाया करत होतं, सामना अगदी टोकाला आलेला. शेवटच्या क्षणांत त्याला पकडलं कोणी? फझल अत्राचलीने. आता तो दबंग दिल्लीकडे. २८-३१. तीन गुणांनी गेला कप.

बघा गंमत. २०२२ ला हरलो तेव्हा समोर आपण सोडलेला चढाईपटू. २०२५ ला हरलो तेव्हा समोर आपण सोडलेला बचावपटू. सोडलेला माणूस कुठेतरी परत भेटतोच. म्हणून कोणाला सोडायचं हा प्रश्न कोणाला घ्यायचं याच्याइतकाच मोठा आहे.

माझं मत सांगतो. पोरगा देऊन बचावपटू घेऊ नये. बचावपटू जरूर घ्यावा, पण त्याची किंमत थकलेल्या नावांच्या पगारातून काढावी. तरुणाच्या स्वस्त करारामुळेच तर थैलीत कोपऱ्यासाठी जागा होते. तोच विकला तर तुम्ही पायाचे दगड काढून छप्पर घालताय. आणि दुसरं, भाड्याचा कोपरा एका हंगामाचा असतो. त्या हंगामातच त्याच्या हाताखाली आपलं पोर तयार झालं पाहिजे.

हे फक्त पलटणपुरतं नाही. नेहरूनगरचं आपलं हॉकी मैदान आठवा. २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स तिथे खेळायचे. फायनलला गेले, शेर-ए-पंजाबकडून २-५ हरले. पुढच्या वर्षी ना तो संघ, ना ती लीग. संघटनांच्या भांडणात सगळंच गुंडाळलं. गॅलरीत बसून स्टिक घेण्याचा हट्ट धरणाऱ्या पोरांचं काय झालं, कोणी विचारलं नाही. संघ येतात, जातात. पोरं इथेच राहतात.

आमच्या भागातला एक एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, चांगला चढाईपटू. नाव लिहीत नाही. आयटीआय झालंय, एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागतोय. परवा त्याचे वडील मला म्हणाले, "साहेब, कबड्डीत नाव झालं आणि दुसऱ्या वर्षी सोडून दिलं तर हा कुठं जायचा? कंपनीत निदान गेटवर तरी ओळखतात." लिलावात पोराला कोणी विचारत नाही, पाटी वर जाते आणि नाव बदलतं. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे नवीन नाही. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर अर्धी चाकण उभी आहे.

त्या वडिलांना मी हिशोबाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, पोराला चढाईबरोबर पकडही शिकवा. दोन्ही येणाऱ्याला सोडताना संघ दहा वेळा विचार करतो. ते हसले आणि म्हणाले, "पकड तर त्याची आईच शिकवते, घराबाहेर सोडत नाही."

तुमचं मत कमेंटमध्ये लिहा. फक्त एक करा, खेळाडूला शिव्या देऊ नका. त्याला कोणी विचारून विकलेलं नसतं.