कुत्र्याच्या उंचीवरची हवा

इटलीत नेपल्स शहराजवळ आन्यानो नावाचं तळं होतं. त्याच्या काठच्या एका छोट्या गुहेचं नावच 'कुत्र्याची गुहा'. गुहा आणि कुत्रा म्हटलं की आमच्याकडे सूरह कहफमधला, उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला कुत्रा आठवतो. इथल्या कुत्र्याच्या नशिबी वेगळंच काम होतं. ज्वालामुखीच्या जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तो गुहेच्या तळाशी साचतो. उभ्या माणसाचं तोंड वर चांगल्या हवेत, कुत्र्याचं नाक खाली त्या वायूत. वाटाड्या पैसे घ्यायचा आणि पाहुण्यांसमोर कुत्र्याला आत धरायचा. थोड्याच वेळात तो तडफडून बेशुद्ध पडायचा. मग त्याला बाहेर ओढून तळ्यात बुचकळायचं. शुद्धीवर आला की पुढच्या पाहुण्यांसाठी तयार. तळ्याच्या पाण्याने तो जगतो असं लोक मानत. खरं औषध होतं बाहेरची मोकळी हवा. मार्क ट्वेन तिथे पोहोचला तेव्हा त्याची पंचाईत झाली, सोबत कुत्राच नव्हता! १८७० मध्ये तळं आटवलं गेलं.

क्रौर्य तर आहेच, पण मला दुसरंच खुपतं. कुत्र्याला काय होतं ते सगळे निरखून पाहत होते, मात्र कुत्र्यासाठी नाही.

अमेरिकेतल्या डोनोरा गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये पोलाद आणि जस्ताच्या कारखान्यांचा धूर दरीत काही दिवस अडकून राहिला आणि २० माणसं दगावली. नंतर घरोघरी चौकशी झाली, तेव्हा पाळीव जनावरांबद्दलही विचारलं गेलं. धुराने कुत्रीही आजारी पडली होती.

पण कुत्र्याच्या शरीरात नेमकं काय होतं, हे मेक्सिको सिटीने दाखवलं. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावरचं, डोंगरांनी वेढलेलं हे शहर. वाटीत साचावा तसा तिथे गाड्यांचा धूर साचतो. तिथले लोक सांगू लागले की म्हातारे कुत्रे गोंधळतात, धन्यालाही ओळखत नाहीत. लिलियन काल्डेरोन-गार्सिदुएन्यास या डॉक्टर-संशोधक बाईंनी हे बोलणं हसण्यावारी नेलं नाही. शहरातल्या आणि स्वच्छ हवेच्या त्लास्काला भागातल्या कुत्र्यांच्या मेंदूंची त्यांनी तुलना केली. २००२ आणि २००३ च्या त्यांच्या लेखांत शहरातल्या कुत्र्यांच्या मेंदूत सूज आणि अल्झायमरच्या रोग्यांत दिसतात तसे अमायलॉइडचे साठे नोंदले आहेत. नाकातलं वास घेणारं अस्तरही खराब झालेलं होतं. कुत्रा माणूस ओळखतो तो आधी वासाने, हे कुत्रा पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

या बाईंना कुत्रा उपयोगी पडला त्याचं कारण साधं आहे. तो त्याच गल्लीत, त्याच घरात राहतो, तीच हवा घेतो, आणि त्याचं आयुष्य छोटं. माणसात कैक वर्षांनी दिसणारं त्याच्यात लवकर दिसतं. आणि तो दुसऱ्या गावी राहायला जाऊ शकत नाही. तसं पाहिलं तर त्या गल्लीतली पोरंही जाऊ शकत नाहीत.

२००८ मध्ये त्यांनी शहरातली निरोगी मुलं आणि तरुण कुत्रे यांचे एमआरआय एकाच अभ्यासात मांडले. अभ्यास लहान होता, प्राथमिक होता. कपाळामागच्या भागात, मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात, निम्म्याहून अधिक मुलांना डाग होते. कुत्र्यांचं प्रमाणही जवळपास तेवढंच निघालं.