अंतर्गत मूल्यमापन, दहावी (महाराष्ट्र, २०२१)

कोविडच्या दुसऱ्या लाटेत दहावीची लेखी परीक्षा रद्द झाल्यावर महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांनी दिलेल्या गुणांवरून निकाल लावण्यासाठी अवलंबलेली पद्धत. परीक्षा रद्द झाल्याची घोषणा एप्रिल २०२१ मध्ये, तर निकाल १६ जुलै २०२१ रोजी.

पूर्वपीठिका : शिक्षकांच्या हातचे गुण कितपत न्याय्य, हा वाद जुना आहे. तोंडी परीक्षेचे २० गुण शाळा सढळ हाताने देतात, अशी तक्रार होती. भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण मार्च २०१९ च्या परीक्षेला नव्हते आणि निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांना मात्र असे गुण मिळत असल्याने अकरावी प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडतात, अशी ओरड झाली. त्याच वर्षी हे गुण पुन्हा सुरू झाले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के होता. त्यातही भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही व त्याचे गुण सरासरीने दिले गेले.

गुणविभागणी : प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ३० दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाला, २० गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकाला आणि ५० नववीच्या अंतिम निकालाला. नववीत ६२ गुण असलेल्या मुलीचे ३१ धरले जात. लेखीचे ३० पैकी २४ आणि तोंडी-गृहपाठाचे २० पैकी १८ मिळून तिची बेरीज ७३ होई. निम्मे वजन नववीचे, आणि येथेच या पद्धतीचा पाया कच्चा होता. ही मुले २०१९-२० मध्ये नववीत होती. त्या वर्षीची द्वितीय सत्र परीक्षा टाळेबंदीने रद्द झाली होती, म्हणजे नववीचा निकालही प्रथम सत्र व चाचण्यांवरच उभा होता. आपले हे गुण पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर चढतील, हे पेपर लिहिताना एकाही मुलाला ठाऊक नव्हते. दहावीचे वर्षही सर्वांना सारखे गेले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये वर्ग भरवण्याची मुभा मिळाली, पण मुंबईतील शाळा तेव्हा बंदच राहिल्या. ज्या घरात एकच मोबाइल होता, तिथल्या मुलांचा गृहपाठ शाळेपर्यंत पोहोचणेच अवघड होते.

पडताळणी : मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील सात सदस्यांची निकाल समिती शाळेतच गुण निश्चित करी. नोंदींत फेरफार आढळल्यास कारवाईची तरतूद होती. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) मात्र शाळेच्या मागील निकालांशी गुणांचा मेळ घालण्याची अट घातली होती. अशा मेळामुळे नावाजलेल्या शाळेला झुकते माप मिळते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही शाळाशाळांना जोडणारे समान माप राज्याच्या पद्धतीत नव्हते, ही तिची मुख्य उणीव मानावी लागते. दोष शिक्षकांच्या सचोटीत शोधणे अन्यायाचे ठरेल.

निकाल : ९९.९५ टक्के, कोकण विभाग १०० टक्के. ९५७ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण.

अकरावी प्रवेश : समान मापाची उणीव भरून काढण्यासाठी शासनाने ऐच्छिक सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) जाहीर केली; ती २१ ऑगस्ट २०२१ रोजी व्हायची होती. इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी २५ गुण होते आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाचा होता. अन्य मंडळाच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट रोजी ही परीक्षा रद्द ठरवली व दहावीच्या गुणांवरच प्रवेश देण्यास सांगितले. परिणामी, ज्या गुणांवर शंका होती तेच प्रवेशाचा एकमेव आधार ठरले. नामांकित महाविद्यालयांत प्रवेश टक्क्याच्या अंशावर अडतो. तिथे एखाद्या शाळेने तोंडीचे दोन गुण हात राखून दिले, तर त्याचा फटका मुलाला बसे.

बारावी : त्याच वर्षीच्या बारावीच्या निकालात दहावी, अकरावी व बारावी यांना अनुक्रमे ३०, ३० व ४० टक्के वजन.

दहावीची लेखी परीक्षा मार्च २०२२ मध्ये, कमी केलेल्या अभ्यासक्रमावर, पुन्हा सुरू झाली. तिचा निकाल ९६.९४ टक्के लागला.